जुन्या स्कूटरचा कार्बोरेटर

सांगलीकडील एका वाचक-भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आमच्या हाती आले. त्यांच्या एकत्र कुटुंबात १९८४ साली घेतलेली बजाज चेतक स्कूटर आहे. त्या काळी स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, हे आमच्या वयाच्या वाचकांस सांगणे नको. मामंजींनी तशीच वाट पाहून ती घेतली, आणि आज तिच्यावर धाकट्या दिरांची कन्या महाविद्यालयात जाते. अलीकडे गाडी चार-पाच किलोमीटर गेली की मध्येच बंद पडते व थोड्या वेळाने पुन्हा चालू होते. 'कार्बोरेटर गेला, नवा टाका,' असा मिस्त्रीचा निकाल आहे. बाजारात दोन कार्बोरेटर दाखविण्यात आले. दिसावयास दोन्ही सारखे, परंतु एकाची किंमत दुसऱ्याच्या तिप्पट. थोरले दीर म्हणतात, गाडी भंगारात द्यावी. मामंजी म्हणतात, मी असेतो नाही. कोणता घ्यावा, एवढेच भगिनींनी विचारले आहे.

भाषाशुद्धीचे आम्ही अभिमानी असलो तरी या यंत्रभागास 'इंधनवायुमिश्रक' म्हटल्यास कोणताही दुकानदार आमच्या तोंडाकडे पाहत राहील. सबब कार्बोरेटर हाच शब्द येथे चालवितो. त्याचे काम मात्र या संस्कृत नावात बरोबर येते. आत ओढल्या जाणाऱ्या हवेत पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळून ते इंजिनास पुरवावयाचे. चेतकचे इंजिन टू-स्ट्रोक जातीचे असल्यामुळे यात आणखी एक गोष्ट येते. पिस्टनास वंगण म्हणून लागणारे तेल आपण पेट्रोलमध्येच मिसळतो, म्हणजे तेही याच वाटेने आत जाते. कार्बोरेटरने पेट्रोल कमी दिले की तेलही कमी पडते आणि इंजिनाची उष्णताही वाढते. अशा स्थितीत भर वेगात पिस्टन जाम झाला, तर मागील चाक एकाएकी अडकते आणि स्वार रस्त्यावर पडतो. स्वस्त-महाग हा प्रश्न आम्ही येवढ्या गंभीरपणे घेतो तो याकरिता. त्या कन्येस आजच सांगून ठेवावे की, वेगात असता इंजिनाचा आवाज एकदम दबला तर तत्क्षणी डाव्या हाताने क्लच दाबावा.

आता निदानाकडे वळू. न्यायशास्त्र शिकताना अन्वय आणि व्यतिरेक यांची जी घोकंपट्टी आम्ही केली, तिचा उपयोग गॅरेजात होईल असे आमच्या शास्त्रीबुवांस स्वप्नातही वाटले नसेल. कारण असेल तेथे कार्य असावे आणि कारण काढून घेताच कार्य नाहीसे व्हावे. तेव्हाच ते खरे कारण. गाडी काही अंतर गेल्यावर बंद पडणे व थांबल्यावर पुन्हा चालू होणे, या लक्षणास कार्बोरेटरखेरीज निदान दोन कारणे संभवतात. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणास हवा आत येण्यासाठी बारीक छिद्र असते. ते धुळीने बुजले की टाकीत निर्वात उत्पन्न होते आणि पेट्रोल खाली उतरेनासे होते. गाडी बंद पडताच सीट उचलून झाकण सैल करावे. हवा आत शिरल्याचा 'हिस्स' असा आवाज होऊन गाडी लगेच सुरू झाली, तर दोष झाकणाचा. एका सुईने तो जातो. दुसरे कारण विजेच्या ठिणगीचे. कॉइल किंवा कंडेन्सर तापला की ठिणगी मंदावते आणि निवाला की पूर्ववत होते. बंद पडल्याबरोबर प्लग काढून पाहावा. तो पेट्रोलने ओला असेल आणि ठिणगी दिसत नसेल, तर कार्बोरेटर निर्दोष आहे. टाकीतील गंज व कॉकची बुजलेली जाळी हे तिसरे कारण वयोवृद्ध गाड्यांत नेहमीचेच. मिस्त्रीने कार्बोरेटर बदलला आणि त्याच वेळी टाकीही साफ केली, गाडी चालू लागली, आणि श्रेय नव्या कार्बोरेटरास मिळाले, असे काकतालीय न्यायाचे प्रकार आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

कार्बोरेटरच बिघडला असेल तर त्याची लक्षणे निराळी असतात. पेट्रोल बाहेर वाहून गाडीभोवती वास येणे, हे फ्लोटची सुई बसत नसल्याचे चिन्ह. मूठ सोडताच गाडी बंद पडणे आणि चोक ओढल्याशिवाय न चालणे, हे मंदगतीच्या लहान जेटमध्ये कचरा अडकल्याचे चिन्ह. हे दोन्ही दोष सुई, पॅकिंग आणि जेट यांचा एक संच आणून दुरुस्त होतात; संबंध कार्बोरेटर टाकून देण्याचे कारण नसते. आणि मूठ सोडली तरी इंजिन आपोआप रेस होत राहिले, तर बहुधा कोठून तरी फाजील हवा आत शिरत असते. ती कार्बोरेटरच्या खालच्या पॅकिंगमधून शिरत असेल तर उपाय स्वस्त आहे. इंजिनाच्या आतील ऑइल-सील झिजून शिरत असेल, तर जगातील कोणताही कार्बोरेटर बसविला तरी गुण येणार नाही.

जुना कार्बोरेटर टाकाऊ झाला की नाही, हे घरीही पाहता येते. चेतकचा कार्बोरेटर उजव्या बाजूच्या झाकणाआड एका पेटीत दोन नटांनी आवळून बसविलेला असतो. मिस्त्री लोक हे नट अंगातील सर्व जोर खर्चून आवळतात. त्यामुळे हलक्या धातूचे अंग वाकते, आणि मग हवेची वाट उघडणारा सरकता पडदा आत अडकू लागतो. कार्बोरेटर काढून, स्वच्छ पुसून, त्याचा तळ आरशाच्या काचेवर ठेवावा. डगमगला तर अंग वाकले आहे. पडदा बोटाने सरकवून पाहावा. तो न अडखळता सरकावा, पण खुळखुळू नये. अंग सपाट, पडदा सुरळीत आणि आटे शाबूत असतील, तर आमचे मत स्पष्ट आहे: मूळ अंग ठेवावे आणि आतले भाग नवे घालावे. यास खर्च नव्या हलक्या कार्बोरेटरपेक्षाही पुष्कळदा कमी येतो.

अंगच गेले असेल तर मात्र नवा घेणे आले, आणि येथे नाव पाहून फसू नये. राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ साली जी चेतक निघाली, ती इटलीच्या व्हेस्पाच्या वळणाची टू-स्ट्रोक. शेवटच्या काही वर्षांत त्याच नावाची फोर-स्ट्रोक गाडीही निघाली. तिचा कार्बोरेटर सर्वस्वी वेगळा. (२०२० सालापासून त्याच नावाची विजेची स्कूटर विकली जाते, तिला तर हा अवयवच नाही.) म्हणून दुकानात 'चेतकचा द्या' असे न म्हणता जुना कार्बोरेटर पिशवीत घालून न्यावा आणि त्याच्या अंगावर उमटविलेली अक्षरे व आकडे नव्याशी जुळवावे. या गाड्यांस इटलीच्या डेलॉर्टो पद्धतीचे जे कार्बोरेटर येत, त्यांवर '२०' हा आकडा हवेच्या वाटेचा मिलिमीटरमधील व्यास दाखवितो. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे कडक नियम आल्यावर नव्या दुचाक्यांतून कार्बोरेटर बहुतेक नाहीसाच झाला. साहजिकच चांगल्या कारखानदारांचे लक्ष या मालावरून उडाले आणि नक्कल करणाऱ्यांस रान मोकळे झाले. खोक्यावरील नाव आणि अंगावर कोरलेले नाव एकच आहे ना, हे उघडून पाहावे. वर सांगितलेली काचेची परीक्षा दुकानातच करावी. दुकानदार ती करू देत नसेल तर पुढच्या दुकानी जावे. फ्लोट हलवून तो कडेस घासत नाही हे पाहावे. बिल मागावे, बिल न देता 'गॅरंटी'च्या आणाभाका घेणाऱ्याकडून काहीही घेऊ नये.

खरी मेख जेटमध्ये आहे. डेलॉर्टो पद्धतीच्या पितळी जेटवर जो आकडा असतो तो छिद्राचा व्यास, मिलिमीटरच्या शतांशात. १०० म्हणजे बरोबर एक मिलिमीटर. नकली मालात आकडा एक आणि छिद्र दुसरे, असे घडते. गाडी तरीही चालू होते, म्हणून दोष कळत नाही. तो कळतो पिस्टन जाम झाल्यावर. याकरिता जुन्या कार्बोरेटरातील जेट चांगले असतील तर तेच नव्या अंगात बसवावे. मात्र ते कोणी तारेने कोरलेले नसावे. पोलादी तार पितळेत घातली की छिद्र मोठे होते आणि मग आकड्यास अर्थ उरत नाही.

याच्या जोडीस आजच्या पेट्रोलचा विचार केला पाहिजे. २०२३ सालापासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले आणि २०२५पर्यंत ते जवळजवळ सर्वत्र झाले. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९, आणि या मिश्रणास १३.५च्या आसपास. अर्थात जुना जेट तसाच ठेवला तर इंजिनास इंधन सात-आठ टक्के कमी पडते. आता थोडे गणित. छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते. १०० चा वर्ग १०,०००, १०२ चा १०,४०४ आणि १०४ चा १०,८१६. म्हणजे मूळ जेट १०० असेल तर दोन आकड्यांनी चार टक्के, चार आकड्यांनी आठ टक्के भर पडते. प्रथम दोनच आकडे वर जावे. सपाट रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर एकसारख्या वेगाने चालवून, क्लच दाबून इंजिन बंद करावे आणि प्लग पाहावा. दूध घातलेल्या कॉफीसारखा रंग असेल तर जेट योग्य. पांढरट असेल तर आणखी वर जावे. ओली काजळी असेल तर खाली यावे. जुन्या घडणीचे रबर या पेट्रोलात फुगते, म्हणून सुईचे टोक, पॅकिंग आणि पेट्रोलची नळी इथेनॉल सोसणारी आहे का, हे विचारून घ्यावे. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. सुटीत गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरातील पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवावे.

थोरल्या दिरांचा पक्षही अगदीच टाकाऊ नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, आणि वीस वर्षांवरील वाहनांचे शुल्क २०२५ साली वाढले आहे. नोंदणीची मुदत संपली असेल तर आधी तो कागद करावा, मग कार्बोरेटर. कागद होणार नसेल, तर एक रुपयाही घालू नये आणि मुलीस त्या गाडीवर पाठवू नये.

नवा बसविताना पॅकिंग नवीनच घालावे, दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळावे, आणि प्रत्येक वेळी मूठ फिरवून पडदा मोकळा सरकतो ना हे पाहावे. जुना कार्बोरेटर मिस्त्री 'असू द्या, माझ्याकडे टाका' म्हणून मागेल. तो देऊ नये. पुसून, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून मामंजींच्या कपाटात ठेवावा. त्याचे जेट, स्क्रू आणि फ्लोट पुढे कधी लागले तर दुकानात मिळतीलच असे नाही.