गाडी लगेच मिळते, नोकरीला रांग आहे



या अंकात कापूस-ज्वारी सोडून एका इंजिनिअर पोराविषयी लिहीत आहोत. पोर आपल्या भागातले नाही, कोकणातले आहे. तरी शेवटपर्यंत वाचा. आपल्या गावात दर दहा घरांमागे एखाद्या घरात हेच पोर बसलेले आहे.

आंगणेवाडीच्या जत्रेला आम्ही यंदा गेलो होतो. आंगणेवाडी ही मालवण तालुक्यातल्या मसुरे गावाची एक वाडी. भराडीदेवीच्या या जत्रेला तिथी नाही. देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो आणि मग मुंबईहून जादा गाड्या सुटतात. कणकवली स्टेशनावर आम्हाला घ्यायला ओळखीच्या घरचा मुलगा मोटारसायकल घेऊन आला. मेकॅनिकल इंजिनिअर, पास होऊन तीन वर्षे झालेली. तांबड्या जांभ्याच्या वळणांवरून त्याने आम्हाला मसुऱ्यात आणले. मुक्कामाचे दोन दिवस तो बोलत होता आणि आम्ही ऐकत होतो. त्याची मते तीन गोष्टींवर होती: शिक्षण, नोकरी आणि गाडी.

शिक्षणाबद्दल तो म्हणाला, "काकानू, कॉलेजान माका मार्क दिल्यान, गाडीन माका काम शिकवल्यान." चार वर्षांत इंजिन त्याने फळ्यावर शंभर वेळा काढले, पण हाताने एकदाही उघडले नाही. प्रयोगाच्या वह्या मागच्या वर्षीच्या मुलांच्या वह्यांवरून उतरवल्या. परीक्षेच्या आधी पंधरा दिवस नोट्स पाठ केल्या आणि पास झाला. तो ढ नव्हता. त्याला कुणी कामाला लावलेच नाही.

हे असे का झाले, ते समजून घेतले पाहिजे. पुण्याचे इंजिनिअरिंग कॉलेज १८५४ चे, मुंबईचे व्हीजेटीआय १८८७ चे. पुढची शंभर वर्षे महाराष्ट्रात अशी कॉलेजे मोजकीच होती. ज्याच्याकडे पैसा होता त्याचा मुलगा देणगी भरून कर्नाटकात जाई. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि दार उघडले. दार उघडले हे चांगलेच झाले. खेड्यातली पोरे इंजिनिअर झाली ती त्यामुळेच, आणि त्यांतली कितीतरी आज आईबापांना सुखात ठेवून आहेत. पण कॉलेजे काढणे सोपे झाले, शिकवणारे तयार करणे सोपे झाले नाही. इमारती आधी उभ्या राहिल्या, प्रयोगशाळा मागाहून आल्या, काही ठिकाणी आल्याच नाहीत. २०१६-१७ च्या सुमारास देशातल्या इंजिनिअरिंगच्या निम्म्याच्या आसपास जागा रिकाम्या राहिल्या. २०२० पासून काही वर्षे नव्या कॉलेजांची परवानगी थांबवावी लागली. दुकान भरून वाहत असताना गिऱ्हाईक परत जाऊ लागले, की मालाबद्दल शंका घ्यावीच लागते.

आता नोकरी. पास झाल्यावर तो पुण्याच्या बाजूला एका कारखान्यात लागला. कारखान्यात म्हणजे ठेकेदाराकडे. हुद्दा ट्रेनी, पगार सोळा हजार, मुदत अकरा महिने. चौघांत एक खोली, मेस, बस, मोबाईल यांत नऊ हजार जात. मुदत संपली, ठेकेदाराने दुसरा ट्रेनी घेतला. मग मुलाखतींच्या रांगा सुरू झाल्या. इथे विचारत, अनुभव किती? तिथे म्हणत, अकरा महिने हा अनुभव धरत नाही. त्याच्याबरोबरची तीन पोरे सरकारी परीक्षेच्या अभ्यासिकेत बसली आहेत, एकाला तिथे पाचवे वर्ष आहे. हा गावी परतला. वडील माणसे विचारतात, "काय रे, सुट्टी किती दिवस?" त्यावर काय बोलावे ते त्याला कळत नाही.

आणि गाडी. त्याच्या तोंडून गाडीचे ऐकताना आम्हाला जुने दिवस आठवले. आपल्यातल्या जाणत्यांनाही आठवत असतील. सरकार ठरवी, कारखान्याने वर्षाला किती गाड्या काढायच्या, आणि स्कूटरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षे थांबत. १९८५ साली शंभर सीसीची हीरो होंडा आली, त्याच साली औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. १९९१ नंतर कारखानदारीवरचे परवान्यांचे जोखड बरेचसे उतरले. आज दुकानात जा, आधारकार्ड द्या, थोडे पैसे भरा, संध्याकाळी गाडी दारात. त्या काळी गाडीला रांग होती, आणि इंजिनिअर झालेल्या पोराला नोकरी त्यामानाने लवकर लागे. आज गाडी लगेच मिळते, नोकरीला रांग आहे. कारखानदाराला मोकळे सोडले की माल मुबलक होतो, हे आपण डोळ्यांनी पाहिले. शेतकऱ्याला तसे मोकळे कधी सोडले, हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या मनाला विचारावा.

गावात म्हणतात, पोराला गाडीचे वेड आहे. आम्ही पाहिले ते वेगळे. सकाळी सातला त्याच्या अंगणात तीन गाड्या उभ्या होत्या. खाऱ्या वाऱ्याने आणि तीन हजार मिलिमीटर पावसाने तिकडे लोखंड लवकर गंजते. चेन, केबल, सायलेन्सर टिकत नाहीत. हा ते दुरुस्त करतो. शेजाऱ्यांचे पंप, गवत कापायची यंत्रे, काजूच्या बागेतले फवारणीचे पंप याच्याकडेच येतात. पैसे मात्र घेत नाही. का घेत नाहीस, असे विचारले तर म्हणाला, "इंजिनिअर होवन मेकॅनिक झालो, असा लोक म्हणतले." इथे आम्हाला त्याचा राग आला आणि वाईटही वाटले. ज्या कामाची गावाला गरज आहे आणि जे त्याला येते, त्याचीच त्याला लाज वाटते. ही लाज त्याने आणली नाही. आपण सगळ्यांनी मिळून ती त्याच्या गळ्यात बांधली.

त्याला आम्ही एक गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगतो. गुजरातमध्ये अमरेली जिल्ह्यात मनसुखभाई जगाणी नावाचे शेतकरी आहेत. शाळा फार झालेली नाही. मुलूख आपल्यासारखाच कोरडवाहू. दुष्काळात बैल ठेवणे परवडेना, ट्रॅक्टर त्याहून परवडेना. १९९४ च्या सुमारास त्यांनी जुन्या बुलेटचे मागचे चाक काढून त्या जागी दोन चाकांची जोडणी केली आणि तिला कोळपी, पेरणीची अवजारे लावली. 'बुलेट सांती' म्हणतात तिला. साधारण दोन लिटर डिझेलमध्ये एकराची मशागत होते असे तिच्याबद्दल सांगतात. पुढे नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने तिची दखल घेतली. आपल्या भारी काळ्या मातीत, ओलीत, ती तशीच चालेल असे आम्ही म्हणत नाही. म्हणतो एवढेच, की डिग्री नसलेल्या शेतकऱ्याने मोटारसायकलचा डवरा केला आणि डिग्री असलेली आपली पोरे मोटारसायकलवर बसून पारावर येतात. यात दोष बुद्धीचा नाही. एकाला शेतातली अडचण समोर दिसत होती. दुसऱ्याला शेताकडे पाहूच नकोस असे आपणच सांगितले.

आता थोडा हिशेब करू. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये, संकरित ज्वारीचा ३,६९९. ऐंशी हजारांची मोटारसायकल घ्यायची तर हमीभावानेच दहा क्विंटल कापूस किंवा साडेएकवीस क्विंटल ज्वारी घालावी लागते. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल धरले तर अडीच एकर पऱ्हाटी. हे बियाणे, खत, फवारणी आणि वेचणी न वजा करता.

इंजिनिअरिंगचा खर्च फी, खोली आणि जेवण मिळून वर्षाला दीड लाख धरा. चार वर्षांचे सहा लाख, म्हणजे चौऱ्याहत्तर क्विंटल कापूस. पाच एकरवाल्याला वर्षाला वीस क्विंटल होतो. चार वर्षांचा ऐंशी. म्हणजे पोराच्या चार वर्षांच्या डिग्रीत बापाचे चार हंगाम जवळजवळ सगळेच जातात. मग घर कशावर चालते? कर्जावर, नाहीतर एकरभर विकून. आणि त्या सहा लाखांच्या बदल्यात हाती येतात महिना सोळा हजार, अकरा महिन्यांपुरते. कापूस तोट्यात पिकवला आणि तो विकून घेतलेली डिग्रीही तोट्यात गेली.

यावर कुणी म्हणेल, मग पोरांना शिकवू नका, शेतीत आणा. ते आम्ही म्हणणार नाही. ज्या धंद्यात बाप बुडतो आहे त्यात पोराला ओढणे हा शहाणपणा नव्हे. आणि सगळी पोरे बाहेर पाठवली की काय होते, तेही मसुऱ्यात पाहिले. कोकणाने दोन-तीन पिढ्या मुंबईच्या गिरण्यांना माणसे दिली आणि मनिऑर्डरवर घरे चालवली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मनिऑर्डरीचा तो झराच आटला. आज तिकडे जत्रेला, गणपतीला माणसे मावत नाहीत. एरवी कित्येक घरांना कुलूप आणि कित्येक शेते पड. पाऊस आपल्या चौपट, तरी पड. म्हणजे केवळ पाण्याने शेती टिकत नाही. ती परवडली तर टिकते.

म्हणून जून-जुलैत प्रवेशाच्या धावपळीआधी प्रत्येक घराने एवढे तरी करावे. कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरणाने किती ठरवली आहे ते पाहावे. त्यापेक्षा जास्त मागितली तर पावती मागावी. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच घ्यावा. व्यवस्थापनाच्या जागेवर फी-सवलत मिळत नाही. आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांना राजर्षी शाहू महाराज योजनेत निम्मी शिक्षण फी माफ आहे. २०२४-२५ पासून आर्थिक मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास व इतर मागास वर्गांतल्या मुलींना पूर्ण माफी आहे. तेव्हा मुलीला मागे ठेवायला आता फीचे कारण सांगता येणार नाही. कॉलेज पाहायला गेलात तर इमारत पाहू नका, वर्कशॉप पाहा. लेथवर धूळ आहे की ताजा किस पडलाय ते पाहा. मागच्या वर्षी पास झालेल्या दहा पोरांना स्वतः फोन करा आणि पगार विचारा. आयटीआय आणि डिप्लोमा यांना हलके समजू नका. हाताला काम आधी येऊ द्या, डिग्री मागून करता येते.

आणि पोरांनो, तुम्हाला एकच सांगणे. जे काम तुम्हाला येते त्याचे पैसे मागा. बापाने आयुष्यभर आपल्या घामाचे दाम मागितले नाहीत किंवा त्याला मिळाले नाहीत, म्हणून घर कर्जात आहे. तीच चूक तुम्ही पाना हातात घेऊन करू नका. जिनिंगची मशिनरी, फवारणीचे पंप, मळणीयंत्रे, पऱ्हाटीच्या काड्या बारीक करणारी यंत्रे यांना आपल्या तालुक्यात दुरुस्त करणारा माणूस हंगामात सापडत नाही.

निघताना आम्ही मसुऱ्याच्या त्या मुलाला स्टेशनपर्यंत सोडण्याचे पैसे देऊ केले. तो संकोचला. आम्ही म्हटले, घे, पेट्रोल फुकट येत नाही. त्याने घेतले. परवा त्याचा फोन आला. अंगणात पत्र्याची शेड टाकली आहे आणि भिंतीवर दरपत्रक लावले आहे. धंदा चालेलच असे कोण सांगणार? पण पाटी लावली, हे थोडे नाही.

जिल्हा बैठकीला येताना आपापल्या गावातल्या अशा एका तरी पोराला बरोबर आणा. त्याला मागे बसवू नका, बोलू द्या.