दीड वर्षाचं अंडं

पाकट उलटं केलं की पोरं हसतात. पांढऱ्या पोटावर दोन बारीक डोळे, खाली तोंड. चक्क चेहरा दिसतो. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे तेव्हा मुलांना मिरकरवाडा बंदरावर नेऊन मी विचारायची, डोळे दाखवा. निम्मा वर्ग पोटाकडे बोट करायचा. तिथे असतात त्या नाकपुड्या. डोळे पाठीवर, आणि त्यांच्या मागे एकेक भोक. वाळूत पडून राहणाऱ्या माशाने तोंडाने पाणी ओढलं तर कल्ल्यांत वाळू जायची. म्हणून तो या भोकांतून पाणी आत घेतो आणि पोटाकडच्या फटींतून सोडतो. तळाला चिकटून राहायची एवढी चोख सोय निसर्गाने केली, पण तळ खरवडत येणाऱ्या जाळ्यापुढे तिचा काही उपयोग नाही.

उत्तर अटलांटिकमधला स्केट याच गोतातला. त्याच्या शेपटीला आपल्या पाकटाचा विषारी काटा नसतो, आणि तो पिल्लं न देता अंडी घालतो. त्यातली फ्लॅपर स्केट ही जात अडीच मीटरपर्यंत वाढते. मादी दोन मीटरच्या आसपास पोचते तेव्हा कुठे वयात येते. तिचं अंडं म्हणजे कोपऱ्यांना शिंगं असलेली चिवट चौकोनी पिशवी, चष्म्याच्या डब्यापेक्षा मोठी. खडकाळ तळावर दगडांच्या सांदीत ती ठेवून मादी निघून जाते. पुढे सुमारे दीड वर्ष ते अंडं तिथेच. बाहेर येणारं पिल्लूही इतकं रुंद की जाळ्याच्या आसातून निसटणं जन्मापासूनच अवघड. आयरिश समुद्रातून हा मासा नाहीसा झाल्याचं कीथ ब्रँडर यांनी १९८१ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं. युरोपीय संघाने तो बंदरावर उतरवायला बंदी घातली २००९ मध्ये. मधली अठ्ठावीस वर्षं कोण कशात गुंतलं होतं कोण जाणे!

तरी स्कॉटलंडने केलेली एक गोष्ट मला फार आवडते. स्काय बेटाजवळ, रेड रॉक्स आणि लाँगे या भागात, शिंपले काढायला उतरणाऱ्या पाणबुड्यांना तळाशी ही अंडी दिसली. पाहणीत शंभराहून अधिक सापडली. मार्च २०२१ मध्ये सरकारने तातडीचा आदेश काढून तो तुकडा संरक्षित केला, नंतर ते संरक्षण कायम झालं. समुद्र मोठा, तुकडा लहान; पण नेमका अंड्यांचा.

आपल्याकडे संरक्षण म्हटलं की पावसाळ्यातली मासेमारीबंदी आठवते. ती हवीच. एका वेळी हजारो अंडी सोडणाऱ्या बांगड्याला दोन महिन्यांची उसंत पुष्कळ होते. पण जो मासा उशिरा वयात येतो, मोजकीच पिल्लं देतो, त्याला कॅलेंडरवरच्या रजेने किती वाचवणार? पाकट, मुशी, लांब सोंडेचा करवत मासा यांचं तसंच आहे. करवत मासा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघाइतकंच संरक्षण, कागदावर. जाळ्याला अनुसूची वाचता येत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की बंदी महिन्यांवर घालता तशी जागांवरही घाला. कोणत्या खाडीच्या तोंडाशी पिल्लं भरलेली पाकटं येतात, हे रापणकरांना आणि बंदरावर मासळी कापणाऱ्या बायकांना विचारा. पोट त्याच फाडतात. मत्स्य विभागाने ते नकाशावर मांडावं आणि एवढ्या तुकड्यांपुरता ट्रॉलर बारा महिने बाहेर ठेवावा. ट्रॉलरवाले ओरडतील. त्यांचं कर्ज, डिझेलचा भाव, खलाशांचे पगार, सगळं खरं आहे. त्यासाठी तुकडे लहान ठेवा, भरपाई द्या, हवं तर पाच वर्षांनी पुन्हा मोजा. पण ‘सबंध समुद्र बंद करताय काय?’ हा प्रश्न मात्र मला विचारू नका, कारण तेवढं कुणी मागतच नाहीये.