तीन रुपयांची पिशवी आणि संसदेचे वचन

चंदीगडच्या सेक्टर ३० मध्ये केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्था आहे. अशा केंद्रीय संस्थांमुळे महाराष्ट्रासह देशाच्या सर्व भागांतून माणसे या शहरात येतात, काही वर्षे राहतात आणि बदलीचा हुकूम निघाला की बिऱ्हाड हलवतात. अशा नोकरदाराचा एखाद्या व्यापाऱ्याशी वाद झाला तर त्याने दाद कोठे मागावी? प्रश्न वरकरणी खासगी वाटतो. वस्तुतः तो कायदा करणाऱ्या संसदेचा आणि तो राबविणाऱ्या सरकारांचा आहे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये याच शहराच्या सेक्टर २२ मधील बाटाच्या दुकानात एका ग्राहकाने जोडे घेतले. ४०२ रुपयांच्या बिलात कागदी पिशवीचे ३ रुपये होते आणि पिशवीवर कंपनीचेच नाव झळकत होते. पदरचे पैसे मोजून कंपनीची जाहिरात का मिरवावी, असा ग्राहकाचा सवाल होता. पर्यावरणाच्या काळजीचा बचाव कंपनीने पुढे केला, तेव्हा ती काळजी खरी असेल तर पिशवी विनामूल्य द्या, असे जिल्हा ग्राहक मंचाने सुनावले. एप्रिल २०१९ च्या निकालात ३ रुपये परत, ३ हजार रुपये भरपाई, १ हजार रुपये खर्च आणि विधी साहाय्य खात्यात ५ हजार रुपये, असा आदेश झाला.

चंदीगडचाच दुसरा वाद बिग बझारने पिशवीसाठी आकारलेल्या १८ रुपयांचा. तो राष्ट्रीय आयोगापर्यंत गेला. पिशवीची किंमत ग्राहकाला आधी न सांगता पैसे भरण्याच्या खिडकीवर सांगणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्वाळा आयोगाने २२ डिसेंबर २०२० रोजी दिला आणि कंपनीच्या सर्व दुकानांत ती बंद करण्यास फर्मावले. या निकालाचे खरे महत्त्व येथे आहे. एकट्या तक्रारदाराला भरपाई देऊन मोठी कंपनी मोकळी होऊ शकते. प्रथाच बंद करावी लागली, तर तक्रार न केलेल्या हजारोंनाही लाभ होतो.

या कायद्यामागे महाराष्ट्राचेही ऋण आहे. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, तेव्हा स्वतंत्र ग्राहक कायदा नव्हता. तो १९८६ मध्ये झाला. मात्र विक्रेता जेथे व्यवसाय करतो किंवा वादाचे कारण जेथे घडले, तेथेच तक्रार करण्याचे बंधन त्यात होते. पुण्यात घरासाठी पैसे भरून चंदीगडला बदलून आलेल्या कर्मचाऱ्याला बिल्डरशी भांडण्यासाठी पुण्याच्याच खेपा घालणे भाग होते. रजा आणि प्रवासखर्च यांचा हिशेब मांडून अनेकांनी नुकसान सोसणेच पत्करले असल्यास नवल नाही.

२० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने हे बंधन सैल केले. ग्राहक जेथे राहतो वा नोकरी करतो, तेथेही आता तक्रार करता येते. चंदीगडच्या रहिवाशाला त्यासाठी सेक्टर १९ पर्यंतच जावे लागते. मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यावर राष्ट्रीय आयोग, अशी विभागणी २०२१ च्या अखेरीस झाली. ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्यास शुल्क नाही. वकील देण्याची सक्ती नाही. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. मुदत मात्र दोनच वर्षांची. म्हणून पावती, करार आणि लेखी पत्रव्यवहार जपणे ही पहिली दक्षता होय.

कागदावर सारे ठीक आहे. माल तपासण्याची गरज नसेल तर विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकालाचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. परंतु निकाल देणाऱ्या खुर्च्याच रिकाम्या असतील तर मुदतीला अर्थ काय? या रिक्त पदांची सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली. नेमणुकांच्या नियमांतील काही तरतुदी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सप्टेंबर २०२१ मध्ये रद्द केल्या आणि मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने ग्राहक वादांसाठी कायमस्वरूपी न्यायव्यवस्था उभारता येईल काय, अशी विचारणा केंद्राला केली. तीन दशकांहून अधिक काळ चाललेली यंत्रणा अद्याप मुदतबंद नेमणुकांवर विसंबून आहे, याचीच ही कबुली आहे.

यामागील राजकारण उघड आहे. शेतकरी, कामगार, व्यापारी यांच्या संघटना सभागृहात दबाव निर्माण करू शकतात; ग्राहक म्हणजे सर्वच मतदार असल्याने त्यांचा असा वेगळा गट होत नाही. विधेयक संमत करण्याचे श्रेय लगेच मिळते; रिकामी खुर्ची भरण्याचे श्रेय कोणी मागत नाही. विधानसभा नसलेल्या आणि लोकसभेत एकच सदस्य पाठविणाऱ्या चंदीगडच्या ग्राहकांनी दोन क्षुल्लक रकमांच्या वादांतून बड्या कंपन्यांना जाब विचारला. कायदा आपल्यासाठी आहे, हे त्यांनी गृहीत धरले होते. त्यांचा हा विश्वास टिकवायचा, तर आयोगातील खुर्च्या वेळेवर भरणे, हा सरकारच्या सौजन्याचा नव्हे तर कर्तव्याचा भाग मानला गेला पाहिजे. अधिवेशनात एखाद्या खासदाराने तेवढाच प्रश्न नेटाने लावून धरला, तरी पुष्कळ होईल.