आवाज जरा कमी करा

शुक्रवारी आमची शाळा सकाळची असते. जुम्याची नमाज, जेवण, भांडी आवरणं होईपर्यंत अडीच वाजतात आणि नेमकी त्याच वेळी आमच्या दाराशी एक सायकल टेकते. ती कुलकर्णी काकांची. पोस्टातून निवृत्त होऊन त्यांना चौदा वर्षं झाली, पण सायकलची घंटी अजून मनीऑर्डर आल्यासारखी वाजवतात. त्यांच्या मागोमाग टेलरमामू येतात, आणि सर्वांत शेवटी, हाताला लाकडाचा भुसा लागलेला तसाच घेऊन, सतारवाले चाचा.

हे तिघे आणि आमचे अब्बा. अब्बा म्हणजे माझे सासरे. रेल्वेत फिटर होते, मिरज जंक्शनवर उभी हयात गेली. अम्मी अल्लाला प्यारी झाल्यापासून त्यांच्या आठवड्यात शुक्रवार दुपार हा एकच वार उरला होता. माझ्या भाच्यानं पेनड्राइव्हमध्ये जुने सिनेमे भरून दिलेत. त्यातला एक लावायचा आणि तो बघताना भांडायचं, असा यांचा कार्यक्रम.

भांडणही ठरलेलं. काका म्हणणार, सलीम-अनारकलीची खरी गोष्ट 1953 च्या 'अनारकली'त आहे, कारण तिला संगीत सी. रामचंद्रांचं, आमच्या पुणतांब्याच्या माणसाचं. अब्बा म्हणणार, 1960 चा 'मुघल-ए-आझम' आणि नौशादसाहेब यांच्यापुढं कुणाचं नाव घेऊ नका. मग चाचा निकाल देणार, "दोन्हीकडं लताच गायली ना? तिचं लहानपण सांगलीत गेलं. म्हणजे दोन्ही सिनेमे आपल्याच भागातले."

"जन्म इंदूरचा आहे तिचा," काका.

"जन्म कुठंही होऊ दे. पोस्टमन पत्ता बघतो का गाव बघतो?"

टेलरमामूंना संगीताशी देणंघेणं नाही. त्यांची नजर कपड्यावर. 'मुघल-ए-आझम'चे कपडे शिवायला दिल्लीचे शिंपी आणले होते, जोडे आग्र्याचे आणि मुकुट कोल्हापूरच्या कारागिरांनी घडवले, असं सांगतात. हे मामू दर वेळी नव्यानं सांगायचे. त्यावर काका म्हणायचे, "म्हणजे बादशहाच्या डोक्यावर कोल्हापूर, आणि त्याच्या राणीच्या जागी आमच्या दुर्गाबाई खोटे. पृथ्वीराज कपूर बिचारा एकटाच बाहेरचा." 2004 मध्ये तो सिनेमा सगळा रंगीत करून पुन्हा लावला, तेव्हा मामू सांगलीला जाऊन बघून आले. अब्बांनी त्यांच्याशी आठ दिवस बोलणं टाकलं होतं. के. आसिफनं जेवढा रंगीत केला होता तेवढाच खरा, बाकीचा रंग म्हणजे जुन्या शेरवानीला मारलेलं ठिगळ, असं त्यांचं मत. मामूंनी उत्तर दिलं, "ठिगळ नीट मारलं तर शेरवानी आणखी दहा वर्षं जाते."

सिनेमावरून गाडी टीव्हीवर यायची. आमच्या गल्लीतला पहिला टीव्ही चाचांच्या वडिलांनी घेतला होता. रविवारी संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर चपलांचा ढीग लागायचा. मीही लहानपणी माहेरी असाच शेजारच्यांच्या उंबऱ्यात बसून 'चित्रहार' पाहिलाय. 'महाभारत' लागायचं तेव्हा रस्त्यावर कुत्रं दिसत नसे, आणि त्याचे संवाद राही मासूम रझांनी लिहिलेत हे कळल्यावर मामूंनी महिनाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगितलं होतं. गुलजारांच्या मालिकेतला नसीरुद्दीन शाहांचा गालिब पाहून काकांनी चक्क उर्दू शिकायला घेतली. अलिफ, बे, पे पर्यंत पोचले आणि बढती होऊन बदली झाली.

"आणि आता?" मामू विचारायचे. "सासू सुनेकडं बघते. मग दुसऱ्या बाजूनं बघते. मग तिसऱ्या. तोवर जाहिरात."

"मला तर त्यांचं काही कळतच नाही," अब्बा म्हणायचे. "सगळे पुटपुटतात. एकाला स्वच्छ बोलता येत नाही. पूर्वीचे लोक बघा, दिलीपसाब कुजबुजले तरी शेवटच्या रांगेत ऐकू यायचं."

हे वाक्य मी किमान पन्नास वेळा ऐकलं असेल. त्यात काय दडलंय ते मला कळलं नाही.

यांची एक खोड मला फार त्रास द्यायची. पडद्यावरच्या माणसानं तोंड उघडण्याआधीच हे तिघे तो संवाद मोठ्यानं म्हणायचे. काका अकबर व्हायचे, चाचा सलीम. मामूंना गळ्यात जे उरेल ते. आणि टीव्हीचा आवाज असा की भिंतीवरची तसबीर हलावी. आमचं घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत माझी लेक दहावीचा भूमितीचा पेपर सोडवत बसलेली, कानात कापसाचे बोळे.

जानेवारीतला शुक्रवार होता. सराव परीक्षा तोंडावर. मी सकाळपासून शाळेत साठ मुलांना गप्प करून आलेली, डोकं ठणकत होतं. लेक रडवेली होऊन स्वयंपाकघरात आली आणि माझा तोल गेला. मी बाहेर आले, अब्बांच्या हातातला रिमोट घेतला. टीव्हीवर आकडा 70 दिसत होता. तो मी 25 वर आणला आणि म्हटलं, "आवाज जरा कमी करा. हे घर आहे, टॉकीज नाही."

सून म्हणून या घरात आल्यापासून मी अब्बांच्या हातातून कधी काही ओढून घेतलं नव्हतं. कुणी काही बोललं नाही. पडद्यावर मधुबाला बोलत होती, आणि अब्बा तिच्या ओठांकडं बघत होते. काका उठले. "बरोबर आहे बेटा तुझं. पोरीचं वर्ष महत्त्वाचं." तिघेही गेले. तीन कपांत चहा निम्मा निम्मा तसाच.

पुढच्या शुक्रवारी सायकलची घंटी वाजली नाही. त्याच्या पुढच्याही. अब्बा म्हणाले, "कामात असतील." निवृत्त माणसांना कसली कामं? टीव्ही त्यांनी लावला नाही. अडीच वाजता ते खुर्चीत बसायचे, असरची वेळ होईपर्यंत. लेकीनं बाहेर येऊन विचारलं, "दादाजान, लावू का सिनेमा?" तर त्यांनी तिला डब्यातला खजूर काढून दिला. त्यांना वाटलं, ती खायला काहीतरी मागतेय. आम्ही दोघी हसलो. हो, हसलो.

चौथ्या आठवड्यात मी शाळेतून येताना सतारमेकर गल्लीतून वळले. माफी मागायला, असं मनाशी म्हणत होते, पण पाय जड होते. चाचा एका तानपुऱ्याच्या घोडीवर कानस फिरवत होते. तारेखाली दोरा सरकवायचे, छेडायचे, मान हलवायचे, पुन्हा कानस. जवारी लागेपर्यंत या माणसाशी बोलण्यात अर्थ नसतो, म्हणून मी उभी राहिले.

मग त्यांनीच विचारलं, "अब्बा कसे आहेत?"

मी म्हटलं, "चाचा, माझं चुकलं. तुम्ही या."

"आम्ही रागावलो नाही बेटा. पण आवाज कमी ठेवून त्याला काय दाखवायचं? त्याला ऐकू येत नाही."

मी बघतच राहिले.

"दोन वर्षं झाली. पूर्वी मी नवा तानपुरा झाला की त्याला बोलवायचो. रेल्वेतला माणूस, पण कान पक्का. जवारी बंद आहे की खुली, लगेच सांगायचा. मग एकदा मुद्दाम बिघडलेली तार छेडली. म्हणाला, वा, क्या बात है." चाचांनी कानस खाली ठेवली. "आम्ही डायलॉग आधी बोलतो ते काय शहाणपणा दाखवायला? आम्ही त्याच्या कानाशी बसून बोलतो. त्याला पाठ आहेत, एक शब्द पकडला की पुढचं जुळवतो. म्हणून तर तेच ते जुने सिनेमे. नवा लावला तर त्याला काय कळणार?"

मी बी.एड.ला असताना कमी ऐकू येणाऱ्या मुलांवरचं प्रकरण तोंडपाठ केलं होतं. वर्गात एखादं पोर दोनदा "काय बाई?" म्हणालं की मी त्याला पुढच्या बाकावर घेते आणि आईला बोलावून कान तपासायला सांगते. घरातला माणूस दोन वर्षं "इमामसाब तोंडातल्या तोंडात खुतबा वाचतात" अशी तक्रार करत होता, फोन आला की माझ्या हातात देत होता, लेकीच्या बोलण्यावर नुसताच हसत होता. मी त्याला म्हातारपणाचा हट्टीपणा म्हटलं.

मुलीच्या अब्बूंनी आणि मी त्यांना डॉक्टरकडं न्यायला आणखी पंधरा दिवस गेले. "मला ऐकू येतं, तुम्ही लोक पुटपुटता," एवढंच पालुपद. शेवटी चाचाच तानपुरा घेऊन घरी आले, चारही तारा छेडल्या आणि विचारलं, "यातली कुठली उतरली आहे?" अब्बा बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "चल. पण तू बरोबर ये."

काचेच्या खोलीत बसवून, कानाला हेडफोन लावून तपासणी झाली. आवाज आला की बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होते. कितीतरी वेळ त्यांचा अंगठा हललाच नाही. डॉक्टरांनी समजावलं ते इथं लिहून ठेवते, कुणाच्या तरी घरी उपयोगी पडेल. वयानं कान जातो तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. त्यामुळं माणूस बोलतोय हे कळतं, पण स, श, फ, थ असली अक्षरं गळतात आणि शब्द लागत नाही. म्हणून समोरचा पुटपुटतोय असं वाटतं. बायकांचे आणि मुलांचे आवाज आधी हरवतात. टीव्ही मोठा केला तर गोंगाट वाढतो, शब्द स्पष्ट होत नाहीत. त्यात अब्बांची नोकरी लोखंडाच्या ठणठणाटातली, तिनंही कान खाल्लेले. आम्हाला दोन मशीनना माझ्या एका पगाराहून जास्त लागले. ज्यांना परवडत नाही अशा दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना राष्ट्रीय वयोश्री योजनेत श्रवणयंत्र मिळण्याची सोय आहे. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी.

मशीनची सवय लागायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी अब्बा पंख्याला घाबरले. कुकरची शिट्टी झाली तर विचारलं, "ही रोज एवढ्यानं वाजते?" वजू करताना ती काढून ठेवावी लागतात, एकदा मशिदीच्या हौदावर विसरून आले आणि अर्धी गल्ली शोधायला पळाली. आता शर्टाच्या खिशात डबी असते, मामूंनी त्या खिशाला झाकण शिवून दिलंय.

सगळ्यांना बोलवायला मी स्वतः गेले, घरोघरी. मार्चमधला शुक्रवार, लेकीचा शेवटचा पेपर आदल्या दिवशी संपलेला. काकांनी आपला हक्क सांगून 'अनारकली' लावायला लावला. टीव्हीवर आकडा 22.

सवयीनं काका अब्बांच्या कानाशी सरकले आणि संवाद म्हणू लागले. अब्बांनी हात वर केला. "थांब जरा. ऐकू दे." सिनेमा पुढं सरकला. थोड्या वेळानं अब्बा वळले. "कुलकर्णी, हा संवाद तू दोन वर्षं चुकीचा सांगत होतास."

"चुकीचा नाही, सुधारून सांगत होतो."

"आणि अकबराच्या तोंडी पोस्टाचं मराठी घालत होतास?"

चाचा खो खो हसायला लागले, मामू म्हणाले की आता दोन वर्षांचे सगळे सिनेमे पुन्हा बघावे लागतील, तपासणीसाठी. त्या गोंधळात आतून लेकीचा आवाज आला, "दादाजान, टीव्हीचा आवाज जरा वाढवा ना, इथं काही ऐकू येत नाही."

अब्बांनी ऐकलं. पहिल्याच हाकेला.