बाभळीच्या काट्याचे विज्ञान

मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली अवघ्या १६ शाळांतून विज्ञानशिक्षणाचा जो उपक्रम सुरू झाला, त्याचे स्मरण आपल्या शिक्षणखात्याने जपावयास हवे, असे मला मनापासून वाटते. सहावी ते आठवीची मुले तेथे, विच्छेदनाच्या सुईसाठी सरकारी मंजुरीची वाट पाहत न बसता, बाभळीचा काटा हाती घेऊन फुलाच्या पाकळ्या, पुंकेसर, बीजांडे अलगद सुटी करीत, मोजीत, आणि जे दिसले तेच आपल्या शब्दांत वहीत उतरवीत. परीक्षेतही पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा असे. २००२ साली सरकारी हुकुमाने हा उपक्रम बंद पडला, ही हानी मी फार मोठी मानतो.

रात्रभर भिजलेला पावटा नखाने उकलून, दोन दळांमध्ये निजलेला तो इवला, पांढुरका अंकुर ज्या मुलाने एकदा बोटाच्या टोकावर घेऊन पाहिला, त्याच्याकडून ‘बीजपत्र’ हा शब्द घोकून घ्यावा लागत नाही. फळ्यावरची आकृती उतरवून घेणाऱ्याला मात्र तो परीक्षेपुरताही पुरत नाही. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी दप्तरातील नोंदी चाळण्यापूर्वी असा एखादा पावटा मुलांकडून उकलवून घ्यावा.