गोव्याची चित्रे आणि आम्ही फिरवलेली पाठ

सन 2024 च्या नोव्हेंबरात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दशवार्षिक दर्शन सुरू झाले; 5 जानेवारी 2025 पर्यंत ते चालले. आमच्या वसईच्या धर्मग्रामांतूनही बसगाड्या भरून गेल्या आणि त्यांपैकी एका गाडीत आम्ही होतो. रांगेत उभे राहिलो, दर्शन घेतले, मिस्सा ऐकली, मेणबत्त्या लावल्या. त्यानंतर दोन तास मोकळे होते. थोडा चढ चढून गेले की सांता मोनिकाचा प्राचीन मठ लागतो आणि तेथेच ख्रिस्ती कला संग्रहालय आहे. आमच्या 50 माणसांच्या गाडीतून तेथे तिघे गेले. उरलेले 47 जण टोप्या आणि काजूगर विकत घेत होते.

काजूगरांवर आमचा राग नाही. आम्हीही परतताना अर्धा किलो घेतले. परंतु ज्या कारागिरांनी हस्तिदंतात बाळ येशू कोरला, चांदीत पेलिकन पक्ष्याच्या रूपाचे साक्रामेंताचे पात्र घडवले, ते कारागीर याच मातीतले होते. त्यांच्यातले कित्येक हिंदू होते. त्यांचे काम 1994 साली राशोलच्या सेमिनरीत प्रथम एकत्र मांडले गेले, 2002 साली ते सांता मोनिकात आले आणि दीर्घ डागडुजीनंतर 2022 साली ते दालन पुन्हा उघडले. एवढा खटाटोप ज्यांच्यासाठी झाला ते आम्हीच दाराशी जाऊन परत फिरत असू, तर सरकारला बोल लावण्याचा आमचा अधिकार किती?

तरीही बोल लावणे भाग आहे. या किनाऱ्याने चित्रकार भरभरून दिले. 1870 साली जन्मलेले अंतोनियो शावियेर त्रिंदाद मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि तेथेच अध्यापक झाले. त्यांची कन्या अँजेला हिने भारतीय वेषातील मरिया रंगवली. फ्रान्सिस न्यूटन सूझा 1924 साली सालगावात जन्मले. वासुदेव गायतोंडे यांचे घराणे मूळ गोव्याचे. लक्ष्मण पै गोव्याचेच, आणि मारिओ मिरांडा तर आम्हा सर्वांच्या घरातलेच. या सर्वांची चित्रे एकत्र, कायम आणि सर्वांसाठी टांगलेली असतील अशी एक सरकारी भिंत आम्हाला गोव्यात कोणी दाखवावी. गायतोंडे यांचे एक चित्र 2013 साली मुंबईच्या लिलावात 23 कोटी 70 लाखांना गेले तेव्हा गोव्यात अभिमानाची भाषा पुष्कळ झाली. लिलावात गेलेले चित्र कोणाच्या तरी दिवाणखान्यात जाते. ते पाहायला शाळेची मुले जाऊ शकत नाहीत.

सरकारी दालनांची अवस्था पाहा. पणजीच्या पाटो भागात राज्य वस्तुसंग्रहालयाची नवी इमारत 1996 साली उघडली. तीस वर्षेही न टिकता ती जीर्ण ठरली आणि संग्रह जुन्या सचिवालयात हलवावा लागला. चार्ल्स कोरिया यांनी मांडवीच्या काठी बांधलेली कला अकादमी, जिच्यात नाट्यगृहाबरोबर कलादालनही आहे, 2021 साली दुरुस्तीसाठी बंद झाली. दुरुस्ती चालू असतानाच 2023 च्या जुलैत खुल्या रंगमंचावरचे छत कोसळले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात वास्तू पुन्हा खुली करण्यात आली. मध्यंतरीच्या काळात ज्या तरुण चित्रकारांना ते दालन हक्काचे होते त्यांनी आपली चित्रे कोठे मांडली असतील, हे विचारण्याची तसदी कोणी घेतली?

मांडवीच्या त्याच पात्रात जुगाराची जहाजे मात्र रोज रात्री उजळलेली असतात. येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्रिंदाद पितापुत्रींची चित्रे आज पणजीत पाहायची असतील तर फुंदासाव ओरिएन्त या पोर्तुगीज प्रतिष्ठानाच्या वास्तूत जावे लागते. हे प्रतिष्ठान 1988 साली स्थापन झाले ते मकावच्या जुगारगृहांच्या पैशातून, कारण जुगाराचा परवाना देताना तेथल्या शासनाने तशी अटच घातली होती. म्हणजे मकावच्या जुगाराने आमच्या त्रिंदादना भिंत दिली. मग मांडवीवरच्या जुगाराने कोणाला काय दिले? हा प्रश्न विधानसभेत गाजल्याचे आमच्या ऐकिवात नाही. जुगाराचे आम्ही समर्थक नाही. पण कर घ्यायचाच असेल तर त्यातला काही अंश चित्रांच्या नावे का लिहिला जाऊ नये?

खाजगी दालनांचे ऋण आम्ही मान्य करतो. आल्तिनोच्या टेकडीवर साळगावकर कुटुंबाने 2009 साली सुनापरान्त उभे केले. फोंतेन्यासच्या गल्लीत गॅलरी गीतांजली आहे. बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी नांगर, घाणे, रहाट गोळा करून गोवा चित्र हे संग्रहालय उभारले. सरकार झोपले असता ही माणसे जागी राहिली. परंतु म्हणून सरकारने झोपूनच राहावे, हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही. खाजगी दालन मालकाच्या इच्छेवर आणि आयुष्यावर चालते. बहुतेकांना विक्री करावी लागते, आणि विक्रीसाठी टांगलेले चित्र आज दिसते, उद्या दिसत नाही. तीच गत डिसेंबरातल्या कला महोत्सवाची. 2016 पासून तो पणजीत भरतो, जुन्या वास्तू थोडे दिवस चित्रांनी भरून जातात, दिवे लागतात, आणि मग कुलपे. सार्वजनिक दालन याचा अर्थच असा की चित्र कोणाच्याही मर्जीवाचून, आजोबांनी पाहिले तेथेच नातवाला दिसावे.

आमचे एक स्नेही म्हणतात, "आपली देवळे हीच आपली कलादालने. वेगळे दालन हवेच कशाला?" बोलणे कानाला गोड लागते. पण किती धर्मग्रामांत जुन्या लाकडी मूर्ती आज मूळ रंगात उभ्या आहेत? एका ठिकाणी, नाव घेत नाही, महावेदीवरची कोरीव मूर्ती वाळवी लागली म्हणून उतरवली गेली आणि तिच्या जागी फायबरची चकचकीत मूर्ती आली. जुनी कोठे गेली, विचारले तर कोणी सांगेना. देऊळ भक्तीसाठी असते; नवी मूर्ती आणण्याचा मोह तेथे होणारच. म्हणूनच उतरवलेल्या मूर्तीला जाण्यासाठी दुसरे घर हवे.

आणि आमच्या भक्तीने चित्रकाराला कसे वागवले, याचाही हिशेब आहे. आंजेलो द फोन्सेका 1902 साली सांतो इस्तेव बेटावर जन्मले. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्या हाताखाली ते घडले. परत येऊन त्यांनी मरियेला साडी नेसवली, तिच्या चेहऱ्याला आमच्या घरातल्या बाईचा रंग दिला. गोव्यातील ख्रिस्ती समाजाला ते रुचले नाही. युरोपातून आलेली गोरी मरिया आमची आणि साडीतली परकी, असा तो न्याय! फोन्सेका पुण्याला गेले, ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहिले, आणि लक्षात घ्यावे, तो आश्रम कॅथलिकांचा नव्हता. 1967 साली त्यांचे निधन झाले. चित्रे त्यांच्या पत्नीने सांभाळली आणि पुढे पर्वरीच्या येशूसंघीय झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्राच्या स्वाधीन केली. चित्रकाराला जेथून जावे लागले तेथे त्याची चित्रे एका विधवेच्या चिकाटीने परतली. त्यात समाजाचा वाटा किती, हे ज्याने त्याने पाहावे.

आज आमच्या लग्नपत्रिकांवर, नाताळच्या शुभेच्छापत्रांवर साडीतली मरिया सर्रास छापली जाते. कोणी खळखळ करत नाही. फोन्सेका हे नाव मात्र आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात दहा-बारा मुलांना विचारून पाहिले. एकालाही ठाऊक नव्हते. त्यात मुलांचा काय दोष? आम्हाला वसईहून चर्चगेटची गाडी पकडून 1952 पासून उघड्या असलेल्या जहांगीर कलादालनात जाता येते, शेजारी 1996 साली सुरू झालेले राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. तेथे तरी कोणत्या पालकाने मुलाला नेले? आम्ही स्वतः आमच्या मुलांना पहिल्यांदा नेले तेव्हा थोरला अकरावीत होता.

येत्या मे महिन्यात आमच्या धर्मग्रामाची बस पुन्हा गोव्याला निघणार आहे. कार्यक्रमपत्रिका हाती आली असून तीत कळंगुटच्या किनाऱ्यासाठी अर्धा दिवस राखला आहे. त्यातला एक तास सांता मोनिकासाठी आणि एक पर्वरीसाठी द्यावा, अशी लेखी विनंती आम्ही सहल समितीला केली आहे. अद्याप उत्तर आलेले नाही.