थिएटरचा स्टँड तेवढाच, गाड्या मात्र गल्लीत

बेळगाव : शहरातली जुनी एकपडदा थिएटरं बांधली गेली तेव्हा प्रेक्षक चालत, नाहीतर सायकलवरून यायचा. आता घरटी दोन गाड्या, आणि थिएटरचा स्टँड तेवढाच. उरलेल्या गाड्या गल्लीत, लोकांच्या दारात लागतात. खरी कोंडी होते ती सहाचा शो सुटून नऊचा भरतो तेव्हा. आजारी माणसाला न्यायला रिक्षासुद्धा दारापर्यंत येत नाही. गल्लीतले लोक चिडतात ते उगीच नाही.

पोलिसांनी गाड्या उचलल्या की दोन दिवस शांतता, पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. स्टँडचे दहा-वीस रुपये वाचवायला दंड ओढवून घेणारेही आपलेच! पण थिएटरच बंद करा, ही मागणी परवडणारी नाही. मराठी चित्रपटाला इथे आधीच मोजके खेळ मिळतात, तेही जातील.

कर्नाटकात चित्रपटगृहाचा परवाना १९६४ च्या कायद्याखाली जिल्हा दंडाधिकारी देतात. त्यामुळे निवेदन नुसतं वाहतूक पोलिसांना देऊन भागणार नाही, तिथेही द्यायला हवं. मागावं एवढंच : दोन खेळांत अर्धा तास अंतर, स्टँडचे पैसे तिकिटातच, आणि शो सुटताना गल्लीच्या तोंडाशी थिएटरचा एक माणूस.